गैरहजर अमीर: फख्रुद्दीन मअन आणि १६१३ची कोंडी

प्रकरण काय आहे

सप्टेंबर १६१३. लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या सैदा बंदरातून (बायबलातले सिडॉन ते हेच) तीन जहाजे निघाली. दोन फ्रेंच, एक फ्लेमिश. त्यांत बसला होता अमीर फख्रुद्दीन मअन, वय चाळिशीच्या आसपास. ऑटोमन सरकारच्या दमास्कसच्या पाशाची, म्हणजे सुभेदाराची, फौज त्याच्या मुलखात शिरत होती आणि वाळवंटाकडचा रस्ता बंद झाला होता. बंदरावरही सरकारी पहारा होता. तो पैसे चारून मोकळा करावा लागला.

त्यानंतर पाच वर्षे अमीर आपल्या मुलखात नव्हता. तरी सप्टेंबर १६१८मध्ये तो अक्का बंदरात उतरला तेव्हा सैदा-बैरूत आणि सफद हे दोन्ही जिल्हे त्याच्याच घरात होते. पुढे १६३३मध्ये जवळपास अशीच कोंडी पुन्हा आली आणि त्या खेपेला मुलगा, भाऊ, किल्ले, मुलूख, सगळे गेले.

माणूस तोच, समोर सरकारही तेच. मग पहिल्या खेपेला काय निभावले? याचे रूढ उत्तर ‘इटलीतले दोस्त’ असे आहे. कागदावर ते भारदस्त दिसते, पण घटनाक्रम लावून पाहिला तर त्यात फारसा दम नाही.

पार्श्वभूमी

मअन घराणे द्रूझ पंथाचे (शिया इस्लाममधून निघालेला वेगळा पंथ). सैदाच्या मागे उठणारा शूफचा डोंगर हा त्यांचा मुलूख, आणि १५१६मध्ये ऑटोमनांनी शाम (सीरिया-लेबनॉनचा टापू) जिंकला त्याच्या आधीपासून ते तिथे होते. डोंगरातल्या पुढाऱ्याला मुकद्दम म्हणत. आपला ‘मुकादम’ याच अरबी शब्दाचा भाऊबंद. आपल्याकडे तो मजुरांच्या टोळीवर देखरेख करू लागला, तिथे खोऱ्यांवर राज्य करत राहिला.

द्रूझ डोंगराचे सरकारशी भांडण दोन गोष्टींवरून होते: थकलेला सारा आणि साठवलेल्या बंदुका. लांब नळीच्या त्या बंदुका सरकारी शिपायांच्या बंदुकांपेक्षा सरस असत. १५८५मध्ये इब्राहीम पाशाने मोहीम काढून त्या हजारोंनी जप्त केल्या. फख्रुद्दीनचा बाप कुरकुमाज शरण गेला नाही. तो डोंगरात लपला आणि त्या लपण्याच्या जागीच मेला. मुलगा तेव्हा तेराएक वर्षांचा. आई सित्त नसब ही तनूख घराण्यातली, आणि तिच्या भावाने मुलांना सांभाळले. १५९०च्या सुमारास फख्रुद्दीन शूफचा मुकद्दम झाला.

बाप ज्या चुकीने गेला ती मुलाने केली नाही. १५९३मध्ये मुराद पाशा दमास्कसचा सुभेदार होऊन आला, तेव्हा या तरुणाने सैदात त्याचा पाहुणचार केला, नजराणे दिले. वर्ष संपायच्या आत सैदा-बैरूतचा संजकबेग, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी अधिकारी, म्हणून त्याची नेमणूक झाली. १६०२मध्ये सफदही मिळाले आणि त्याबरोबर अक्का बंदर.

या नेमणुकीमागचा व्यवहार नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच टेकलेले आहेत. संजकबेग असलेला माणूस बहुधा इल्तिझामही घेत असे. इल्तिझाम म्हणजे आपल्याकडच्या इजाऱ्यासारखी रीत: सरकारात ठरलेली रक्कम भरायची, गावांतून होईल तो वसूल घ्यायचा, वरचे राहील ते इजारदाराचे. डोंगरातले रेशीम, सफदकडचा कापूस आणि धान्य, तेल, साबण, बंदरावरची जकात, यांतून हे ‘वरचे’ चांगलेच राहत असे. ते तीन ठिकाणी जाई. एक, इस्तंबूलला आणि दमास्कसला नजराणे. दोन, सुक्बान, म्हणजे पगारी बंदूकधारी शिबंदी. यांत बरेचसे अनातोलियातले; पगार वेळेवर मिळाला तर निष्ठा पक्की, थकला तर तीच बंदूक दुसऱ्याकडे. तीन, किल्ले.

किल्ल्यांपैकी दोन महत्त्वाचे. शकीफ अर्नून, जो युरोपीय क्रुसेडर ‘बोफोर’ म्हणत, तो लितानी नदीच्या वर सुमारे ३०० मीटरच्या कड्यावर बसलेला आहे. नदीच्या बाजूने कोणी चढू शकत नाही. चाल करायची ती पठाराकडूनच. दुसरा सुबैबा, हेर्मोन पर्वताच्या पायथ्याशी बानियासवर. सैदाकडून दमास्कसकडे आणि सफदकडे जाणाऱ्या वाटा या दोघांच्या टापूतून जातात.

मुराद पाशाची दोस्ती किती कामाची होती हे १६०७मध्ये कळले. हलबचा (अलेप्पोचा) बंडखोर अली जानबुलाद याच्याशी फख्रुद्दीनने हातमिळवणी केली होती, आणि तोवर वजीरेआझम झालेल्या मुराद पाशाने त्या बंडाचा निकाल लावला. (बंडखोरांची प्रेते विहिरींत पुरण्यावरून त्याला ‘कुयुजू’, विहीरवाला, असे नाव पडले होते. असल्या माणसाकडे क्षमा मागायची होती.) फख्रुद्दीनने मुलगा अली याला हलबला पाठवले. बरोबर सुमारे ३ लाख कुरुशांचा (चांदीच्या नाण्यांचा) ऐवज, रोख आणि रेशीम मिळून. क्षमा तर मिळालीच, वर सैदा-बैरूतची नेमणूक त्या कोवळ्या वयाच्या अलीच्या नावावर झाली.

हा शेवटचा तपशील इतिहासात सहसा एका ओळीत उरकला जातो. प्रत्यक्षात १६१३मध्ये त्याचा मोठा उपयोग झाला: जिल्ह्याचा हक्क बापाच्या नावापासून कागदोपत्री सुटा झालेला होता.

१६०८मध्ये इटलीतल्या टस्कनीच्या मेदिची ड्यूकशी तह झाला. व्यापाराच्या कलमांबरोबर त्यात गुप्त लष्करी कलमेही होती. टस्कनीचा डोळा सायप्रसवर होता. आदल्याच वर्षी फामागुस्तावर त्यांनी घातलेला छापा फसला होता, त्यामुळे किनाऱ्यावर एक दोस्त त्यांना हवाच होता.

अडचण कशी तयार झाली

१६११मध्ये मुराद पाशा वारला आणि नसूह पाशा वजीरेआझम झाला. नसूहची हलबची सुभेदारी पूर्वी जानबुलाद घराण्यामुळेच गेली होती. जानबुलादांचा दोस्त तो त्याचा वैरी, हे ओघानेच आले. फख्रुद्दीनने आपल्या कारभाऱ्याच्या हाती सुमारे २५,००० कुरुश, रेशीम आणि घोडे पाठवले. चार वर्षांपूर्वीच्या ३ लाखांशी तुलना केली की ही रक्कम किरकोळ वाटते. ती तुलना अगदी सरळ नाही, कारण तेव्हाची रक्कम जिवाची किंमत होती आणि ही नव्या वजिराची नुसती सलामी. पण मनात राग धरून बसलेल्या माणसाला सलामीचा दर लावणे हा हिशेब चुकलाच.

नसूहने तीन मागण्या केल्या: सुक्बान शिबंदी मोडा, शकीफ अर्नून आणि सुबैबा ताब्यात द्या, आणि बालबेकचा अमीर युनुस हरफूश, जो फख्रुद्दीनचा दोस्त होता, त्याला ठार करा. फख्रुद्दीनने तिन्हींकडे काणाडोळा केला. नाही म्हटले नाही, हो म्हटले नाही, काही सुचवलेही नाही.

दमास्कसच्या गादीवर तेव्हा हाफिझ अहमद पाशा होता. त्याने वादी अत-तैम खोऱ्यातल्या शिहाब घराण्यावर चाल केली तेव्हा फख्रुद्दीन आडवा आला. पुढे हौरान आणि अजलून या दक्षिणेकडच्या जिल्ह्यांतले जुने सरदार काढून नवे नेमण्यात आले. काढलेले सरदार आसऱ्याला फख्रुद्दीनकडे आले. त्यांना पुन्हा बसवायला त्याने अलीबरोबर फौज दिली आणि मे १६१३मध्ये मुझैरीब येथे दमास्कसच्या फौजेचा पराभव झाला.

लढाई जिंकली, आणि तिथेच प्रकरण हातातून गेले. मुझैरीब हे साधे गाव नव्हते. दमास्कसहून मक्केला जाणारा हजचा काफिला तिथे थांबतो, तिथून पुढच्या वाटेची तयारी करतो. हौरानचे धान्य आणि उंटही त्याच टापूतले. काफिला सुखरूप नेणे ही दमास्कसच्या पाशाची आणि अखेर सुलतानाची इभ्रत. सारा थकवणे, डोंगरात बंदुका साठवणे, शेजाऱ्याशी भांडणे, हे इस्तंबूलला सवयीचे होते. तिथे घासाघीस चाले. हजच्या रस्त्यावर सरकारी फौज हरवणे मात्र घासाघिशीच्या पलीकडचे. हाफिझला जी मोठी मदत अन्यथा मिळाली नसती ती आता मिळाली: २,००० जॅनिसरी (सुलतानाचे खडे पायदळ), आसपासच्या सुभेदारांची पथके, आणि समुद्रावर आरमार.

समोरचे पर्याय

मे ते सप्टेंबर अशा चार महिन्यांत त्याच्यापुढे सहा वाटा होत्या, आणि प्रत्येकीची किंमत वेगळी होती.

मागण्या मान्य करायच्या तर किल्ले आणि शिबंदी एकदम जाणार. त्यानंतर नसूहने शब्द फिरवला तर काय? १५८५मध्ये बंदुका सोपवणाऱ्या गावांचे काय झाले हे शूफमध्ये सगळ्यांच्या लक्षात होते.

मैदानात उभे राहायचे तर शेजारची घराणी बरोबर राहायला हवीत. ती राहणार नाहीत हे उघड होते. उत्तर लेबनॉनमधल्या त्रिपोलीचा यूसुफ सैफा उघड शत्रू, द्रूझांतलेच प्रतिस्पर्धी संधीची वाट पाहत असलेले, आणि हरफूश व शिहाब वारा बघणारे. पगारी शिबंदी एकटी सुभ्याच्या फौजेला पुरत नाही.

डोंगरात लपायची वाट बापाने घेतली होती. वाळवंटात बेदुइनांकडे जायचे तर हाफिझने हौरानची नाकी आधीच धरली होती. थोडी माणसे निसटू शकत होती, अमीर आपल्या परिवारासह नाही.

पैसे देऊन मिटवायची वाट जूनपर्यंत बहुधा खुली होती. मुझैरीबनंतर लगेच कबुली, नजराणा आणि काढलेल्या सरदारांची पाठराखण सोडणे, असा तोडगा निघू शकला असता. तसा गंभीर प्रयत्न झालेला दिसत नाही. विजयाच्या महिन्यात माफी मागणे अवघडच असते.

राहिला समुद्र. त्यात धोका असा की परधर्मीय शत्रूकडे जाणे म्हणजे सरकारच्या लेखी बंडावर शिक्कामोर्तब. फायदा असा की ज्याच्यावर हुकूम निघाला आहे तो माणूसच हाती लागत नाही.

काय केले

त्याने यांतली एकच वाट धरली नाही. घरातली माणसे वेगवेगळ्या वाटांवर उभी केली, आणि या प्रकरणातले खरे कसब तेच.

शकीफ अर्नून आणि सुबैबा यांत दाणागोटा भरला, भरवशाचे सुक्बान सरदार ठेवले आणि त्यांच्या पगाराची रोकडही गडावरच ठेवली. रोकडीची बाब दाण्याइतकीच महत्त्वाची. वेढ्यात सापडलेला पगारी शिपाई उपाशी राहिला तर शरण जातो, आणि पगार थकला तर दरवाजा उघडतो. मुलगा अली वाळवंटाकडे निसटला. भाऊ युनुस शूफमध्ये कारभार पाहायला राहिला. आई सित्त नसब त्याच्या बरोबर. १६११मध्ये इकडे आलेल्या एका इंग्रज प्रवाशाने लिहून ठेवले आहे की हा बुटका, कोल्ह्यासारखा धूर्त अमीर आईच्या संमतीवाचून कोणताही मोठा बेत करत नाही. तेव्हा तिला मागे ठेवणे ही निरुपायाने घडलेली गोष्ट नव्हती.

आणि तो स्वतः निघाला. बंदरावरच्या नायब दर्यासारंगाला पैसे चारले आणि परदेशी व्यापारी जहाजे गाठली.

निघण्याची वेळ पाहण्यासारखी आहे. ऑटोमन मोहिमांचे पंचांग ठरलेले असे: मेच्या सुरुवातीला हिझिरच्या दिवशी फौज बाहेर पडायची, नोव्हेंबरच्या सुरुवातीला कासिमच्या दिवशी परतीला लागायची. सुभ्याच्या पथकांतले जहागीरदार शिपाई त्यापुढे थांबायला नाखूश असत. घरी वसूल गोळा करायचा असे, घोड्यांना चारा नसे, आणि लेबनॉनच्या डोंगरात थंडीपावसात वेढा चालवणे म्हणजे आपलीच माणसे मारणे. सप्टेंबरच्या मध्यावर अमीर गेला, म्हणजे गडांना झुंजायचे होते साधारण दोन महिने. मेमध्ये पळाला असता तर तेच सहा महिने झाले असते.

गड झुंजले. हाफिझने शकीफ अर्नूनला वेढा घातला, पण पठाराकडच्या एकाच बाजूने तो काही पडेना. अशा अवस्थेत सित्त नसब द्रूझ वडीलधाऱ्यांना घेऊन पाशाच्या छावणीत गेली. मोठी रक्कम कबूल केली आणि वेढा उठवून घेतला. हाफिझने तिला ओलीस म्हणून दमास्कसला नेले. पाशाच्या बाजूनेही हा सौदा वाईट नव्हता: पडत नसलेला गड सोडायला त्याला कारण मिळाले, आणि रिकाम्या हाताने परतावे लागले नाही.

लगेच शांतता झाली असे नाही. दैर अल-कमर, जिथे घराण्याने मुक्काम हलवला होता, ते या धामधुमीत जाळले गेले, आणि त्यात सैफांचा हात होता. १६१४मध्ये सरकारने सैदा-बैरूत आणि सफद मिळून वेगळा सुभाच काढला, म्हणजे मअनांचा पाया कागदोपत्री उखडला.

टस्कनीने काय दिले

३ नोव्हेंबर १६१३ला फख्रुद्दीन लिव्होर्नोला उतरला. ड्यूक कोसिमो दुसरा याने फ्लॉरेन्सच्या पलाझ्झो व्हेक्कियोमध्ये त्याची राहण्याची सोय केली, मानमरातब ठेवला. १६०८च्या तहातली लष्करी कलमे मात्र कागदावरच राहिली. १६१४मध्ये मेदिचींनी लेबनॉनची पाहणी करायला माणसे पाठवली. त्यातून फौज निघाली नाही.

१६१५मध्ये तो सिसिलीचा स्पॅनिश व्हाइसरॉय ओसुना याच्या आमंत्रणावरून मेसिनाला गेला. ओसुनाने त्याला जहाजातून लेबनॉनच्या किनाऱ्यापर्यंत आणले. भाऊ युनुस आणि मुलखातली माणसे जहाजावर येऊन भेटून गेली. अमीराला खाली उतरू दिले नाही. समोर आपला किनारा, मागे आपला डोंगर, आणि शिडीवर यजमानाचे पहारेकरी! पाहुणा आणि कैदी यांत किती अंतर असते ते त्याला या जहाजावर नेमके कळले असणार. जहाज परत फिरले आणि तो आणखी तीन वर्षे पालेर्मो-नेपल्सकडेच राहिला.

परकी फौज आली नाही हे त्याचे नशीबच म्हणायचे. स्पॅनिश जहाजांच्या मदतीने तो किनाऱ्यावर उतरला असता तर युनुस आणि अली ‘बंडखोराचे नातलग’ न राहता स्वतःच बंडखोर ठरले असते, आणि घराशी वाटाघाट करायला इस्तंबूलकडे कारण उरले नसते.

निष्पत्ती

गाठ सुटली ती इस्तंबूलमध्ये. ऑक्टोबर १६१४मध्ये सुलतान पहिला अहमद याने नसूह पाशाला मारवले. पुढच्या वर्षी हाफिझची बदली होऊन जरकस मुहम्मद पाशा दमास्कसला आला. इराणच्या सफवींशी पुन्हा युद्ध पेटत होते आणि सरकारला फौज पूर्वेकडे हवी होती. शूफच्या डोंगरात ती अडकवून ठेवण्यात कोणाला रस नव्हता. नवा सुभा मोडला गेला. सैदा-बैरूत आणि सफद मअनांना परत मिळाले, पण अट अशी की शकीफ अर्नून आणि सुबैबा पाडून टाकायचे. १६१६पर्यंत ते पाडले गेले. युनुस आणि अली यांनी त्याच वर्षी डोंगरातल्या प्रतिस्पर्धी द्रूझ घराण्यांना चार लढायांत हरवले.

म्हणजे १६१८मध्ये फख्रुद्दीन परतला तेव्हा त्याला मुलूख जिंकायचा नव्हताच, फक्त ताब्यात घ्यायचा होता. पुढच्याच वर्षी त्याने सैफांना घेरले. दैर अल-कमर पुन्हा बांधायला सैफांच्या अक्कारमधले दगड आणवले, असे तिकडे सांगतात. पाच वर्षांपूर्वी ते गाव कोणी जाळले ते विसरलेला नव्हता.

वेगळे काय करता आले असते

पहिली चूक १६११ची. नसूहच्या तीन मागण्या एकाच तोलाच्या नव्हत्या. किल्ले देणे अशक्य, दोस्ताला मारणे लाजिरवाणे, पण शिबंदीची संख्या कमी करणे हा घासाघिशीचा विषय होता. काही सुक्बानांना निरोप देऊन, ते काम झाल्याचा गाजावाजा करून, बाकी दोन मागण्या वर्षभर लोंबकळत ठेवता आल्या असत्या. नसूह तीन वर्षेच टिकला. वर्षभराची उसंत म्हणजे त्याच्या कारकिर्दीचा तिसरा हिस्सा.

दुसरी चूक जास्त महाग पडली: मुझैरीब. आसऱ्याला आलेल्याला पाठ दाखवणे अरब अमीराला शोभत नाही हे खरे. पण आसरा देणे वेगळे आणि फौज देऊन हजच्या वाटेवर पुन्हा बसवणे वेगळे. शूफमध्ये त्यांना जमीन-घर देऊन ठेवले असते तरी शब्द राहिला असता.

तिसरी गोष्ट चूक म्हणावी का याबद्दल मतभेद होऊ शकतो. किल्ल्यांच्या बदल्यात जिल्हे परत घेणे हा सौदा कुटुंबाने केला, अमीर दूर होता. ज्या दोन गडांनी दोन महिने निभावले तेच गेले. तरी तो सौदा योग्यच होता, असे म्हणावे लागते. जिल्ह्याच्या वसुलाशिवाय गडावरचा पगार कुठून आणणार? गड पुन्हा बांधता येतो. इजारा दुसऱ्याच्या नावावर एकदा मुरला की सोडवणे कठीण.

ओलिसाबाबत मात्र घाई झाली. सित्त नसब छावणीत गेली तेव्हा तिच्या बदल्यात पाशाकडचा कोणी माणूस इकडे नव्हता. वेढा उठला, पण पुढची मोहीम निघाली तेव्हा युनुसचे हात आईच्या पायी बांधलेले होते.

तीच कोंडी, वीस वर्षांनी

१६१८नंतर फख्रुद्दीन वाढतच गेला. १ नोव्हेंबर १६२३ला अंजरच्या लढाईत त्याने दमास्कसच्या मुस्तफा पाशालाच पकडले. मग त्याला सन्मानाने वागवून त्याच्याकडून हव्या त्या नेमणुका लिहून घेतल्या. १६२७मध्ये त्रिपोलीकडे हात पोहोचला. तिथल्या मैदानात त्याने १४,००० तुतीची झाडे लावली, रेशमासाठी. दूर वाळवंटातल्या पाल्मायराच्या टेकडीवरचा किल्ला आजही त्याच्या घराण्याच्या नावाने, कलअत इब्न मअन, ओळखला जातो.

किल्ले वाढले तसा प्रत्येक गडावरचा माणूस विरळ झाला. १६१३मध्ये सारा दाणा, पैसा आणि भरवशाची माणसे दोन ठिकाणी होती. आता ती शेकडो किलोमीटरवर पांगलेली. समुद्राची वाटही त्याने स्वतःच अरुंद केली होती. सरकारी गलबते शिरू नयेत म्हणून सैदाच्या बंदरात त्याने दगड टाकून ते उथळ केले, अशी नोंद नंतरच्या प्रवाशांनी केली आहे. गलबते अडली, आणि मोठी व्यापारी जहाजेही बाहेरच नांगर टाकू लागली.

सर्वांत मोठा फरक इस्तंबूलचा. १६१३ची मोहीम एका वजिराच्या रागावर चालली होती आणि वजीर बदलतात. १६३२पासून सुलतान चौथा मुराद याने कारभार स्वतःच्या हाती घेतला होता. आता वाट बघून कोण बदलणार होते?

१६३३मध्ये दमास्कसचा कुचुक अहमद पाशा जमिनीवरून आणि आरमार समुद्रावरून एकाच वेळी आले. अली हासबैयाच्या बाजूला लढताना मारला गेला. भाऊ युनुसही वाचला नाही. फख्रुद्दीन साठीला आलेला. तो बापाच्याच वाटेने गेला आणि जझ्झीनच्या बाजूच्या कड्यातल्या गुहेत शिरला. वर चढणे शक्य नव्हते म्हणून पाशाने भोवती आगी पेटवल्या आणि धुराने त्याला बाहेर काढले. इस्तंबूलला नेल्यावर लगेच मारले नाही. काही काळ ठेवले. मागे पुतण्या मुलहिम, युनुसचा मुलगा, निसटून पुन्हा लढायला उभा राहिला तेव्हा १६३५मध्ये फख्रुद्दीनचा शिरच्छेद झाला.

गैरहजर अमीर जिवंत आणि हाताबाहेर असेपर्यंत त्याच्या घराशी सौदा करण्यात सरकारचा फायदा असतो. अमीर कैदेत आणि पुतण्या रणात, अशी उलटी मांडणी झाली की कैद्याची किंमत शून्य. १६१३मध्ये हे त्याने ओळखले होते. १६३३मध्ये बाहेर पाठवायला माणूसच उरला नव्हता, आणि साठीच्या माणसाला पुन्हा जहाजावर चढवणारी आईही नव्हती.

मुलहिमने पुढे सरकारशी जुळवून घेतले आणि शूफचा इजारा त्याच घरात राहिला, १६९७मध्ये वंश खुंटून तो शिहाबांकडे जाईपर्यंत. फख्रुद्दीनचा धाकटा मुलगा हुसैन बापाबरोबर पकडला गेला होता. त्याला मारले नाही, राजवाड्यात वाढवले. १६५०च्या दशकात तो ऑटोमन सरकारचा वकील होऊन हिंदुस्थानात आला, शाहजहानच्या दरबारी.